रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) लागलेली हार्डडिस्क घेऊन पुण्यात तपकीर गल्लीतल्या डेटा रिकव्हरीच्या दुकानात गेलो त्याचा रिव्ह्यू

४ स्टार. एक स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत आणि गाडी लावायला तिकडे जागाच नाही, पण तो बुधवार पेठेचाच दोष म्हणा.

दाजींचं भोसरीला छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे, ऑफिसच्या पीसीवर कुणीतरी क्रॅकवालं सॉफ्टवेअर टाकलं आणि सकाळी बघतात तर सगळ्या फाईलींच्या नावांना भलतंच शेपूट लागलेलं, फोल्डरफोल्डरमध्ये रीडमी नावाची खंडणीची चिठ्ठी, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर ४९०. आधी दुसऱ्या एका दुकानात फोन केला, त्यांनी डिस्क न बघताच हंड्रेड पर्सेंट रिकव्हरीची हमी दिली. तिथंच शंका आली.

तपकीर गल्लीतल्या दुकानाच्या काकांनी आधी डिस्कची पूर्ण कॉपी काढली, मग रीडमीतला पर्सनल आयडी बघितला. म्हणे हे स्टॉप डीजेव्हीयू, रॅन्समवेअरचीच एक फॅमिली. आयडीच्या शेवटी टी१ असतं तर ऑफलाइन किल्ली, म्हणजे त्या लोकांचा सर्व्हर सापडला नाही म्हणून व्हायरसने स्वतःतलीच ठरलेली वापरली, ती कित्येकांना सारखीच असते, आणि एम्सीसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या फुकट डिक्रिप्टरकडे (लॉक उघडणारं सॉफ्टवेअर) ती आलेली असेल तर फाईली उघडतात. आमच्या आयडीत टी१ नव्हतं. "मग नाही उघडणार, कुणाला पैसे देऊ नका" असं सरळ तोंडावर सांगितलं.

का नाही तेही सांगितलं. फाईल लॉक होते साल्सा२० नावाच्या एन्क्रिप्शनने कारण ते फास्ट आहे, आणि ती किल्ली परत आरएसएच्या (यात लॉक करायची पब्लिक किल्ली वेगळी, उघडायची प्रायव्हेट वेगळी) पब्लिक किल्लीने लॉक करून फाईलीतच ठेवतात. उघडणारी प्रायव्हेट किल्ली फक्त त्या लोकांकडे, पीसीवर ती कधी आलेलीच नसते, मग दुकानदार शोधणार कुठून? पण ही फॅमिली घाईत असते, फाईलीचा सुरुवातीचा साधारण १५० केबीच बिघडवते, त्यामुळे मोठे व्हिडिओ दुरुस्त होतात. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ मिळाला! एक्सेल आणि बिलांच्या पीडीएफ गेल्या त्या गेल्याच, टॅलीचा डेटा सीएकडे होता म्हणून वाचलो.

मी विचारलं हे चालू असताना कळत कसं नाही. काका म्हणाले, एन्क्रिप्ट झालेला डेटा एकदम रँडम दिसतो, एंट्रॉपी (रँडमपणाचं माप) बाइटमागे कमाल ८ बिटला टेकते, पण झिप आणि जेपीजी पण तशाच असतात, नुसतं तेवढं बघितलं तर दिवसभर खोटे अलार्म वाजतील. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर वागणूक बघतं, एकच प्रोसेस भराभर शेकडो फाईली वाचून परत लिहितेय, नावं बदलतेय, शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती) उडवायची कमांड देतेय. फाईलीची सुरुवात बदलली का तेही बघतात, पण डीजेव्हीयू पहिले ५ बाइट सोडून देतं, म्हणजे पीडीएफची ओळख शाबूतच! काहीजण आमिष म्हणून एक फालतू फाईल ठेवतात, तिला हात लागला की अलार्म.

नवीन विंडोज टाकून त्यातलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस हे सेटिंग चालू करून दिलं, त्याने अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही. टॅलीला मात्र हाताने परवानगी द्यावी लागली. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा म्हणाले, लावलेली राहिली तर तीही जाते.

जाणार असाल तर फॉरमॅट मारू नका, रीडमी डिलीट करू नका, आणि गाडी मंडईच्या पार्किंगला लावून चालत जा.