राजपत्र आणि वृत्तपत्र : छिंगकालीन चिनी विद्वानांचे वाचन

छिंग राजवटीच्या काळातील (१६४४–१९१२) चिनी विद्वानाला छापील बातमी नवी नव्हती. बीजिंगमधील खासगी छापखाने काढत असलेल्या ‘चिंगपाओ’ या राजपत्रात बादशाही फर्माने, नेमणुका आणि अधिकाऱ्यांची निवेदने येत; त्यावर भाष्य नसे, त्यामुळे कोणाचे वजन वाढले आणि कोणाचे घटले, हे वाचकालाच ताडावे लागे.

१८७२ साली अर्नेस्ट मेजर या इंग्रज व्यापाऱ्याने शांघायमध्ये सुरू केलेल्या ‘शनपाओ’ या वृत्तपत्राने हे राजपत्र बाजूला सारले नाही, तर त्यातील मजकूर आपल्या पानांत पुन्हा छापला, जुन्या वळणाचा वाचक तिकडे वळला तो बराचसा यामुळेच, असे मला वाटते. लिहिणारेही पारंपरिक शिक्षण घेतलेले चिनी विद्वानच होते, आणि वाचकांनी धाडलेल्या कविता शुल्क न घेता छापल्या जात. खरा फरक उघड झाला तो यांग नायवू या विद्वानावरील १८७० च्या दशकातील खून खटल्यात. राजपत्रातून त्यासंबंधीचे अधिकृत कागद तेवढे कळत. ‘शनपाओ’ने मात्र छळ करून घेतलेल्या कबुलीजबाबावर खुलेपणाने टीका केली. फर्मानाचा नेमका पाठ हवा असलेल्या अधिकाऱ्याला राजपत्रच पुरेसे होते, पण सरकारी पद न मिळालेल्या विद्वानाला सार्वजनिक प्रश्नावर मत मांडण्याची जागा वृत्तपत्रानेच दिली.