सात महिन्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड आणि डीचं बटण

ब्लू स्विचचा, म्हणजे बटण दाबलं की टकटक वाजणारा, कीबोर्ड घेऊन सात महिने झाले. 87 बटणांचा, प्रत्येक बटणाखालचा स्विच उपटून बदलता येणारा, साडेतीन हजारांचा. बाकीची माहिती खोक्यावर असतेच. मला बोलायचंय ते डीबद्दल.

त्याआधी आवाज. होतो हे वाचलं होतं, पण आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात, आणि जुनं. एका खोलीत खुट्ट झालं की तिन्ही खोल्यांत ऐकू येतं. पहिल्याच दुपारी सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, एवढी सुपारी कुणासाठी कातरतेस?" त्यांना खरंच अडकित्ता वाटला. आता सवय झालीये, आणि तीच पंचाईत. दहा मिनिटं टकटक थांबली की हाक येते, "मोबाइल बघतेस ना?" पुण्याच्या साहेबांना जे इतक्या वर्षांत जमलं नाही, ते यांनी देवघरात बसून जमवलं.

तरी पहिले चार महिने मी बेहद्द खूश होते. बटण साधारण अर्ध्यावर आलं की अक्षर उमटतं आणि त्याच सुमारास 'टक' होतं. तळापर्यंत ठोकावं लागत नाही. संध्याकाळी बोटं दुखायची थांबली. दिसेल त्याला सांगत सुटले होते. नणंदेनेही माझ्या सांगण्यावरून घेतला. (तिचा ठणठणीत आहे. दर रविवारी कळवते.)

पाचव्या महिन्यात डी एकदा दाबला की मधूनच दोनदा उमटायला लागला. इनस्क्रिप्टवाल्यांना (भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करणाऱ्यांना) वेगळं सांगायला नको, डीवर हलन्त असतो, म्हणजे अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर करणारं चिन्ह. मी शाळा-कॉलेजांची परिपत्रकं मराठीत करते. 'विद्यार्थ्यांच्या' या एका शब्दाला चार हलन्त लागतात, आणि परिपत्रकात दुसरं असतं काय! दोन हलन्त लागोपाठ पडले की जोडाक्षर फुटतं आणि ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. पानाला कांजिण्या आल्यासारख्या दिसायच्या.

सेवा केंद्र स्टेशनपलीकडे. रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे, हे मुद्दाम लिहितेय. तिथल्या मुलाने नोटपॅड उघडून दहा वेळा डी दाबला, तोही सावकाश, पाहुण्याच्या दारावरची बेल वाजवावी तसा. दहाच डी आले. "बेन, आ तो बराबर चाले छे."

म्हटलं, भरभर मराठी टाइप करून बघ. मराठी येत नाही म्हणाला. मग गुजराती कर, इनस्क्रिप्टमध्ये तुमचाही हलन्त डीवरच आहे. तर तो गुजराती मोबाइलवर बोलून लिहितो! "इंग्लिशमां तो प्रॉब्लेम नथी ने?" कागदावर 'दोष आढळला नाही' लिहून कीबोर्ड परत.

खोक्यावर लिहिलंय, स्विच 5 कोटी वेळा दाबता येईल. घरी येऊन हिशेब मांडला. कामाच्या दिवसाला तीन हजार हलन्त धरले तरी चार लाखांपुढे आकडा जाईना. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. त्या रात्री या कीबोर्डला मी एक तारा देणार होते.

नवा स्विच सुटा मिळेना, दहाचं पाकीट घ्या म्हणे. एक खिळा हवा तर पेटी कोण आणतं? मग नजर गेली स्क्रोल लॉककडे. हे बटण मी आजवर एकदाही दाबलेलं नाही. सोबत आलेल्या चिमट्याने दोन्ही टोप्या काढल्या, दोन्ही स्विच सरळ वर ओढले आणि अदलाबदल केली. डीच्या जागी बसवताना घाईत एक पिन वाकली. भुवयांच्या चिमट्याने सरळ केली. एकूण खर्च शून्य, वेळ चहा निवेपर्यंत.

दोन महिने झाले, एकही दुहेरी हलन्त नाही. म्हणून एकाचे साडेतीन तारे करतेय. स्विच उपटता येत नसेल असा कीबोर्ड मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. राहिलेला दीड तारा रिक्षाचा.

परवा नवऱ्याचा एक्सेलमध्ये चुकून स्क्रोल लॉकला हात लागला. एरवी बाणांच्या बटणांनी चौकट हलेना म्हणून अर्धा तास डोकं धरून बसला असता. पण तिथे आता डीचा जुना स्विच आहे. एका दाबात लॉक लागलं आणि तिथल्या तिथे सुटलंही. त्याला काही कळलंसुद्धा नाही.