मुलांची चिंता: सीबीटी की गोळ्या?

दहा वर्षांची मुलगी शाळेच्या वेळेला पोट धरून बसते. तपासण्या सगळ्या नॉर्मल, शाळेत कशीबशी जाते. तिच्या आईचा प्रश्न: सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) की गोळ्या?

आधी परिणाम बघू. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. १२ आठवड्यांनी सीबीटीने सुमारे ६० टक्के, सर्ट्रालिन या चिंतेवरच्या गोळीने ५५ आणि दोन्ही मिळून ८१ टक्के मुलं चांगली सुधारली. प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर, २४ टक्के.

मेहनत मात्र सीबीटीत कितीतरी जास्त. भीतीची शिडी करायची: आज फाटकापर्यंत, मग वर्गाच्या दारापर्यंत, मग पहिला तास. दर पायरीला भीती ० ते १० मध्ये किती, हे मूल स्वतः लिहितं. पळून न जाता थांबलं की धडधड उतरते, हे त्याला अनुभवाने कळतं. आणि आईबाबांनाही बदलावं लागतं. ‘बरं, आज नको जाऊस’ हे मायेपोटीच येतं, पण त्याने भीती पोसली जाते. मला हाच भाग सगळ्यात अवघड वाटतो.

गोळी घेणं सोपं, पण गुण यायला काही आठवडे लागतात. पोट बिघडणं, झोप उडणं, क्वचित आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, म्हणून सुरुवातीला बारीक लक्ष हवं. मनाने बंद तर मुळीच करू नये.

चिंता सौम्य किंवा मध्यम असेल तर आधी सीबीटी. या मुलीला मी तेच सुचवेन. शाळा पूर्ण सुटली असेल, सोबत नैराश्य असेल किंवा थेरपिस्टच मिळत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी गोळ्यांबद्दल बोला. त्रास तीव्र असेल तर दोन्ही एकत्र.