जॉनी कॅशने गायलेली रॉक गाणी: तीन अल्बमपैकी आधी कोणता घ्यावा?

भाचीने रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि लगेच विचारलं, “मामा, जॉनी कॅशने रॉकवाल्यांची जी गाणी गायलीत ती हवी आहेत, पण पैसे एकाच रेकॉर्डचे आहेत. ‘हर्ट’ हे गाणं जिच्यावर आहे तीच घेऊ ना?” मी म्हटलं, ती घे, पण सगळ्यात शेवटी.

असं का, ते सांगतो. कॅश हा कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावरान गाण्यांच्या संगीतातला बडा माणूस, पण १९८६ साली कोलंबिया कंपनीने त्याच्याशी असलेला जुना करार संपवला आणि पुढची काही वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. मग हिप-हॉप आणि मेटलचे अल्बम करणारा निर्माता रिक रुबिन त्याच्याकडे गेला. दोघांच्या १९९४ च्या पहिल्या अल्बममध्ये नुसता आवाज आणि गिटार होती. रॉक बँडांची गाणी खऱ्या अर्थाने आली ती पुढच्या तीन अल्बममध्ये: ‘अनचेन्ड’ (१९९६), ‘अमेरिकन थ्री: सॉलिटरी मॅन’ (२०००) आणि ‘अमेरिकन फोर: द मॅन कम्स अराउंड’ (२००२). या सहा वर्षांत कॅशची तब्येत ढासळत गेली आणि तिच्याबरोबर आवाजही. त्यामुळे कोणता अल्बम आधी ऐकला याने पुष्कळ फरक पडतो.

‘अनचेन्ड’मध्ये आवाज अजून ठणठणीत आहे. मागे रॉक गायक टॉम पेटी आणि त्याचा हार्टब्रेकर्स हा अख्खा बँड वाजवतोय, त्यामुळे तिन्हींत सगळ्यात दणदणीत अल्बम हाच. इथलं ऐकायचं गाणं म्हणजे साउंडगार्डन या रॉक बँडचं १९९१ मधलं ‘रस्टी केज’. मूळ गाण्यात बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल वरच्या पट्टीत किंचाळतो, गिटार सुसाट सुटते आणि शब्द त्या गोंगाटात अर्धे बुडतात. पिंजरा तोडून पळणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे, आणि कॉर्नेलचं ऐकताना तो माणूस केव्हाच बाहेर पडलाय असं वाटतं. कॅश तेच शब्द खालच्या पट्टीत, एकेक सुटा करून म्हणतो. त्याचा माणूस अजून गजांच्या आत बसलाय आणि शांतपणे ठरवतोय. मला हे जास्त धोकादायक वाटतं. पण या अल्बममध्ये जुनी कंट्री गाणीही बरीच आहेत. निव्वळ रॉकची कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी नव्याने गायलेली, हवी असतील तर हात थोडा रिकामाच राहतो.

‘सॉलिटरी मॅन’ हा माझा कौल. १९९७ पासून कॅश आजारी होता आणि आवाजाला इथे पहिल्यांदा खरखर आलीय, क्वचित कंपही. पण ताबा सुटलेला नाही. टॉम पेटीचं ‘आय वोन्ट बॅक डाउन’ मूळचं १९८९ चं, ऐटीत मान वर करून गायलेलं. कॅशच्या गाण्यात खुद्द पेटीच मागून सूर धरतो. मूळ गाण्यात माघार न घेणं ही तरुणाची हुशारी वाटते. इथे ते म्हणणाऱ्याला उभं राहायलाच कष्ट पडताहेत, आणि तरी तो उभा आहे.

आणि मग रॉक गायक निक केव्हचं ‘द मर्सी सीट’. हे एक गाणं नीट वेळ काढून ऐका. इलेक्ट्रिक चेअरची वाट पाहणारा कैदी बोलतोय. १९८८ चं मूळ गाणं सात मिनिटांच्या पुढे जातं, त्यात आवाजांचा थरावर थर चढतो आणि ध्रुवपद इतक्या वेळा येतं की ऐकणाऱ्यालाही त्या कोठडीत कोंडल्यासारखं होतं. कॅशने ते आटोपशीर केलंय: आधी गिटार, मग हळूहळू दाटत जाणारा पियानो. कैदी पुन्हा पुन्हा सांगतो की मी खरं बोललोय आणि मला मरणाची भीती नाही. अगदी शेवटच्या खेपेला ती ओळ उलटते आणि तो खोटं बोलल्याचं कबूल करतो. केव्हच्या गदारोळात ही कबुली माझ्या कानांवरून कितीदा निसटून गेली होती. कॅशच्या तोंडून ती पहिल्याच वेळी छातीत रुतली. १९६८ साली फॉल्सम तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गायलेला हा माणूस आहे. त्या कबुलीला आवाज चढवायची गरज नाही हे त्याला ठाऊक होतं.

याच अल्बममधलं यू-टू या बँडचं ‘वन’ मात्र मूळच सरस. त्यांचा गायक बोनो याचा आवाज शेवटाकडे जसा ताणत वर जातो, त्यावर ते गाणं उभं आहे. कॅश ते सपाट, समजुतीच्या सुरात म्हणतो. वाईट नाही, पण पुन्हा लावावंसं वाटत नाही.

आता ‘अमेरिकन फोर’. अल्बम म्हणून हा तिन्हींत विस्कळीत आहे. बीटल्सचं ‘इन माय लाइफ’ आणि ईगल्सचं ‘डेस्पराडो’ नसतं तरी चाललं असतं. डेपेश मोड या बँडच्या ‘पर्सनल जीझस’मधला गिटारचा तुकडा गिटारवादक जॉन फ्रुशांतेने साध्या अकूस्टिक गिटारवर झकास वाजवलाय, पण मूळ गाण्यात जी फूस लावणारी लबाडी आहे ती कॅशच्या भाबड्या श्रद्धेत विरून जाते. श्रद्धाळू माणसाने ते गाणं शब्दशः खरं मानलं, असं काहीसं झालंय.

राहिलं याच अल्बममधलं ‘हर्ट’. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनरने ते लिहिलं तेव्हा तो तिशीच्याही आत होता, कॅशने गायलं तेव्हा सत्तरीत. मूळ गाण्याचे सूर मुद्दाम बेसूर लागतात, अंगाला टोचतात, आणि शेवट कर्कश स्फोटाने होतो. कॅशने सूर साधे सरळ करून घेतले. शब्दांत बदल मोजका, पण फार मोठा: डोक्यावरच्या मुकुटाला रेझनरने शिवी जोडली होती, तिथे कॅशने काटे आणले. त्या एका शब्दाने आत्मघृणेचं गाणं प्रायश्चित्ताचं होतं. पियानोचा एकच स्वर ठोके पडावेत तसा वाजत राहतो, वाढत जातो, आणि एकदम थांबतो. त्या वेळी कॅशचा श्वास पुरत नाहीये हे स्पष्ट ऐकू येतं. ‘रस्टी केज’मधला दमदार आवाज ज्याने आधी ऐकलाय, त्यालाच इथे काय हरवलंय ते कळतं. म्हणून मी ‘शेवटी’ म्हटलं.

तेव्हा पैसे एकाच रेकॉर्डचे असतील तर ‘सॉलिटरी मॅन’. साउंडगार्डनवर वाढलेल्या आणि कंट्री म्हटलं की नाक मुरडणाऱ्या माणसाला ‘अनचेन्ड’ द्या, तो लवकर रुळेल. नुसतं ‘हर्ट’ हवं असेल तर अख्खी रेकॉर्ड घ्यायची घाई नको, ते एक गाणं फोनवर ऐका आणि मग मार्क रोमानेकने केलेला व्हिडिओ पाहा. त्यात कॅशची बायको जून कार्टर जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघते. ती २००३ च्या मे महिन्यात गेली, तो सप्टेंबरमध्ये. शेवटी कॅश पियानोचं झाकण बंद करतो आणि त्यावरून हलकेच हात फिरवतो. भाचीला सांगितलंय, तेवढं बघण्याआधी आवाज आठवडाभर कानांत मुरू दे.