अँकी ॲप: मँडरिनवाल्यांना इंग्रजीतले ‘दुष्ट’ शब्द शिकवायला कसं आहे?

मी सिंगापूरमधे मँडरिन बोलणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि शब्द पक्के करून घ्यायला अँकी वापरते, म्हणजे पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं पुन्हा पुन्हा दाखवणारं ॲप, म्हणून हा रिव्ह्यू. ॲप एक नंबर आहे, पण त्यावर मिळणारे आयते डेक, म्हणजे कार्डांचे तयार संच, घेऊ नका, दुष्टपणाच्या शब्दांसाठी तर अजिबात नको.

आम्ही असाच एक डेक उतरवला होता, त्यात इव्हिल, विकेड, मॅलेव्हलंट, सगळ्यांच्या मागे एकच चिनी शब्द, ‘श्ये-अ’. मंडळी भराभर ‘गुड’ (म्हणजे ‘आठवलं’) हे बटण दाबत पुढे जायची आणि बोलायला लावलं की ‘व्हिशस ट्यूमर’! यात त्यांचा दोष नाही हो, मँडरिनमधे कॅन्सरच्या गाठीलाही ‘अ-शिंग’ लागतं आणि दुष्टचक्रालाही ‘अ-शिंग’च, इंग्रजीत मात्र गाठ मॅलिग्नंट आणि चक्र व्हिशस. एका शब्दासमोर एक अर्थ लिहिला की ही गफलत होणारच.

मग मी स्वतः क्लोज कार्डं बनवली. म्हणजे वाक्यात रिकामी जागा ठेवायची आणि शेजारचं नाम दाखवायचं, अफवा असेल तर मॅलिशस, हळूहळू आत पसरणारा आजार असेल तर इन्सिडियस, बघूनच काहीतरी काळंबेरं वाटावं असं हसू असेल तर सिनिस्टर. याने खरंच फरक पडला, आता नाम ऐकलं की विशेषण आपोआप तोंडात येतं.

उच्चारासाठी कार्डावर आवाज नक्की टाका. मलाइनमधला (malign) ग मुका, पण मॅलिग्नंटमधे तोच ग स्पष्ट ऐकू येतो, आणि विकेड बघून लोक ‘विक्ट’ म्हणतात, ते ‘विकिड’ आहे. शिवाय वरचे दात खालच्या ओठाला टेकवून निघणारा व्ह मँडरिनमधे नाहीच, त्यामुळे व्हिलन आणि व्हिशस रोज ऐकून ऐकूनच बसतात.

पैशांचं म्हणाल तर कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर मात्र 24.99 अमेरिकी डॉलर, विद्यार्थ्यांना ते जडच जातं, त्यांनी ब्राउझरमधे अँकीवेब वापरावं, ते फुकट आहे. ॲप 2006 पासूनचं आहे आणि दिसायलाही तसंच जुनाट, सेटिंग उघडलं की गोंधळायला होतं. 2023 मधे आलेलं एफएसआरएस, म्हणजे कुठलं कार्ड परत कधी दाखवायचं हे ठरवणारी नवी पद्धत, तेवढं ऑन करा, बाकी कशाला हात लावू नका.