विशाखापट्टणमची सहल आणि आमचे ८४,७०० रुपये

जुलै-ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या सहलीच्या नावाखाली आम्हा अकरा जणांचे ८४,७०० रुपये गेले. मी अमळनेरच्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. सहलीची चौकशी करणे, सगळ्यांकडून पैसे गोळा करणे आणि ते पुढे पाठवणे ही कामे माझ्याकडे होती, त्यामुळे या व्यवहाराची प्रत्येक पायरी मला तारखेनिशी ठाऊक आहे. आपल्या खानदेशातील बरीच कुटुंबे दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्यांत अशाच रीतीने चार घरे मिळून सहल ठरवतात, म्हणून जे घडले ते काहीही न लपवता लिहीत आहे.

सहलीचा विषय निघाला तो आईमुळे. तिचे वय ७६ आहे आणि आयुष्यात तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे चांगदेवला तापी आणि पूर्णा जिथे मिळतात ते. जून महिन्यात एकदा जेवताना ती म्हणाली, “माले समिंदर देखाना शे.” तिने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला फारसे आठवत नाही, त्यामुळे ही गोष्ट मी मनावर घेतली. तिचे गुडघे दुखतात, पण डोंगर पाहण्याची हौस तिला आहे. विशाखापट्टणमला डोंगर थेट समुद्राला भिडलेले आहेत, कैलासगिरीवर रोपवेने जाता येते आणि अराकूच्या खोऱ्यापर्यंत रेल्वेने घाट चढता येतो, हे वाचल्यावर ते ठिकाण नक्की झाले. आम्ही दोघे, आई, भुसावळची बहीण आणि मेहुणे, रावेरचा मामेभाऊ आणि त्याची पत्नी, आणि शाळेतील दोन जुने सहकारी सपत्नीक, असे अकरा जण तयार झाले.

मोबाइलवर एक जाहिरात दिसली. तिच्यात कैलासगिरीवरील शिवपार्वतीच्या शुभ्र मूर्तींचे छायाचित्र होते आणि पाच मुक्कामांसाठी दर माणशी १४,५०० रुपये, रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातील प्रवासासह, असा दर दिला होता. मी त्यातील फॉर्ममध्ये नाव आणि दूरध्वनी क्रमांक भरला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एका माणसाचा फोन आला. तो शुद्ध मराठी बोलत होता, मला “सर” म्हणत होता, आणि आमचे कार्यालय पुण्यात असून विशाखापट्टणमला शाखा आहे असे त्याने सांगितले.

त्या माणसाने मला ज्या रीतीने जिंकले, ती रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. त्याने घाई केली नाही आणि पहिल्या तीन फोनमध्ये पैशांचा विषयसुद्धा काढला नाही. रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ ही नौदलाची निवृत्त पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे, ती सोमवारी बंद असते, तेव्हा आपण तो दिवस सिंहाचलमच्या मंदिरासाठी ठेवू, असे त्याने सुचवले. अराकूला जाताना रेल्वेने जावे, कारण किरंदुलच्या त्या मार्गावर ५८ बोगदे आहेत आणि मोठ्या काचांच्या विस्टाडोम डब्यातून दरी दिसते. येताना मात्र गाडी करून रस्त्याने यावे, म्हणजे वाटेत बोरा गुहा पाहता येतील, हेही त्यानेच सांगितले. गुहेत पायऱ्या उतराव्या लागतात, तेव्हा आजींना वर बसण्याची सोय करू, असे तो आपणहून म्हणाला. मी प्रत्येक गोष्ट पडताळून पाहत होतो आणि प्रत्येक गोष्ट खरी निघत होती. पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात आली आणि २००१ मध्ये निवृत्त झाली, बोगदे खरेच ५८ आहेत, अराकू रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर आहे. जितके पडताळले तितका विश्वास वाढत गेला. आज कळते की मी सगळी पडताळणी शहराची केली आणि माणसाची काहीच केली नाही. शहराविषयीची ही माहिती कोणालाही अर्ध्या तासात गोळा करता येते. ती खरी असल्याने सांगणारा खरा ठरत नाही.

२६ जुलै रोजी मी माणशी १,००० याप्रमाणे ११,००० रुपये टोकन म्हणून यूपीआयने पाठवले. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव आले ते एका बाईचे होते. मी विचारले तेव्हा, त्या आमच्या लेखापाल आहेत, असे उत्तर मिळाले. ३० जुलैला रेल्वे आणि हॉटेलसाठी ५५,००० रुपये पाठवले, तेव्हा नाव दुसऱ्याच एका पुरुषाचे आले. त्याचेही स्पष्टीकरण तयार होते: एका खात्याची दिवसाची मर्यादा संपली आहे. या ५५,००० रुपयांत मामेभावाच्या केळीच्या पैशांतले १०,००० रुपये होते, हे इथे नोंदवले पाहिजे. पैसे मिळताच संस्थेच्या नावाची छापील पावती आली. तिच्यावर गोल शिक्का होता आणि खाली जीएसटी क्रमांक होता. पावती संस्थेची आणि पैसे मात्र व्यक्तींच्या बचत खात्यांत, ही विसंगती डोळ्यांसमोर असताना मी तिच्याकडे कानाडोळा केला, कारण तोवर सहल मनाने सुरू झालेली होती आणि आई शेजारणींना समुद्राविषयी सांगू लागली होती.

४ ऑगस्टला तिकीट आले. नागपूरहून विशाखापट्टणमला जाणाऱ्या समता एक्सप्रेसचे, २५ ऑक्टोबरचे, अकरा जणांची नावे आणि वये, दहा अंकी पीएनआर, डबा आणि बर्थ क्रमांकांसह. मी रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर तो पीएनआर तपासला तेव्हा माहिती मिळाली नाही. फोन केला तर, सर, हे ग्रुप बुकिंग आहे, ते चार्ट लागल्यावरच दिसते, असे तो इतक्या सहजपणे म्हणाला की पुढे विचारण्याचा मला संकोच वाटला. त्याच फोनवर त्याने विस्टाडोमच्या जागांसाठी माणशी १,२०० रुपये सांगितले. ५ ऑगस्टला १३,२०० रुपये गेले. ८ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याने सिंहाचलमच्या वराह लक्ष्मी नरसिंह मंदिरातील ‘विशेष निजरूप दर्शना’साठी माणशी ५०० मागितले. आईचे नाव निघाले आणि मी ५,५०० रुपये लगेच पाठवले.

दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमा होती. मी भुसावळला बहिणीकडे गेलो. तिच्या शेजारी एक निवृत्त तिकीट तपासनीस राहतात. ते मूळचे विजयनगरमचे, म्हणजे विशाखापट्टणमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले. नोकरीनिमित्त भुसावळला आले आणि इथलेच झाले. चहा घेताना बहिणीने कौतुकाने सहलीचा विषय काढला आणि मी त्यांना मोबाइलवर तिकीट दाखवले. त्यांनी ते बोटांनी मोठे केले, बराच वेळ पाहिले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. मग कप बाजूला ठेवून त्यांनी विचारले, “सर, हे तिकीट तुम्हाला कोणी दिलं?”

मी सांगितले. ते म्हणाले, “एका पीएनआरवर सहाच माणसं येतात. इथं अकरा आहेत. आणि पंचवीस ऑक्टोबरचं आरक्षण अजून उघडलेलंच नाही.” आरक्षण १२० दिवस आधी सुरू होते, ही माझी माहिती जुनी होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे, म्हणजे २५ ऑक्टोबरच्या गाडीचे आरक्षण २६ ऑगस्टला सुरू होणार होते, आणि माझ्या हातात ४ ऑगस्टला बर्थ क्रमांकासह तिकीट होते. तरीही मन मानत नव्हते. मी त्यांना दर्शनाची पावती दाखवली. ती पाहून त्यांचा चेहरा उतरला. सिंहाचलमची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाने झाकलेली असते आणि वर्षातून एकच दिवस, अक्षय तृतीयेला, तो लेप काढून देवाचे मूळ रूप दाखवतात, असे त्यांनी सांगितले. बहीण एकदम म्हणाली, “म्हणजे आपल्या आखाजीला!” आखाजीचे दर्शन दिवाळीत विकणाऱ्या माणसाला मी पैसे दिले होते. आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकी माहेरी येण्याचा सण. ती कधी असते हे आमच्या घरात लहान मुलालाही सांगावे लागत नाही. निजरूप म्हणजे काय, एवढा एक प्रश्न मी कोणाही जाणत्या माणसाला विचारला असता, तर निदान ते शेवटचे पैसे वाचले असते.

मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला. तो चिडला नाही. तुमचा गैरसमज झाला आहे, पण नको असेल तर पूर्ण रक्कम परत करतो, असे म्हणून त्याने एक लिंक पाठवली आणि त्यातील अॅप उतरवून घ्यायला सांगितले. मी ते करायला बसलो होतो, हे लिहिणे कठीण आहे, पण लिहिले पाहिजे, कारण पैसे गेलेला माणूस ते परत मिळण्याच्या आशेने पहिल्यापेक्षा जास्त आंधळा होतो. माझ्या भाचीने फोन हातातून काढून घेतला. त्या अॅपमुळे आपला पडदा समोरच्याला दिसतो, आणि तो पुढे परताव्यासाठी यूपीआय पिन टाकायला सांगेल, असे ती म्हणाली. पाच मिनिटांत त्याने नेमके तेच सांगितले. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. भाची घरात नसती तर माझ्या खात्यातील उरलेली पेन्शनही गेली असती. त्यानंतर तो क्रमांक बंद झाला तो झालाच.

भाचीनेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन लावून दिला. तो दुसरा शनिवार होता, बँक बंद होती, पण हा क्रमांक सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम आणि समोरचा यूपीआय पत्ता त्यांनी विचारून घेतला. हे सगळे अॅपमधील व्यवहारांच्या यादीत असते, त्यामुळे रागाच्या भरात संभाषण किंवा अॅप पुसून टाकू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर त्याच रात्री लेखी तक्रार नोंदवली आणि सोमवारी, ११ ऑगस्टला, तिची प्रत घेऊन मी बँकेत आणि पोलिसांकडे गेलो. ८ ऑगस्टच्या संध्याकाळी पाठवलेले ५,५०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले गेल्याचे नंतर कळले. बाकीचे ७९,२०० रुपये केव्हाच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आणि तिथून पुढे गेले होते. तक्रार जितक्या लवकर तितकी रक्कम सापडण्याची शक्यता जास्त, याचा पुरावा माझ्याच पासबुकात आहे. गोठवलेली रक्कमही अजून हाती आलेली नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज केला आहे.

नंतर मी शांतपणे बसून सगळी कागदपत्रे तपासली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७. पावतीवरचा क्रमांक २७ नेच सुरू होत होता आणि तो खोटाही नव्हता. जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेण्याची सोय कोणालाही, लॉगिन न करता, उपलब्ध आहे; तिथे तो टाकल्यावर भलत्याच एका व्यापाऱ्याचे नाव आले, ज्याचा सहलींशी काही संबंध नव्हता. म्हणजे क्रमांक बरोबर आहे एवढे पाहून भागत नाही, तो कोणाच्या नावावर आहे हे पाहावे लागते. हॉटेलच्या बाबतीतही तसेच झाले. आरक्षणाच्या कागदावर जो दूरध्वनी क्रमांक छापला होता, त्यावर मी जुलैतच फोन केला होता आणि तिकडून, हो, आपल्या चार खोल्या राखून ठेवल्या आहेत, असे उत्तर मिळाले होते. आता मी त्या हॉटेलचा क्रमांक वेगळ्या मार्गाने मिळवला. हॉटेल खरे होते, समुद्रासमोरच होते, आणि आमच्या नावाने तिथे एकही खोली नव्हती. फसवणाऱ्याने दिलेल्या कागदावरचा क्रमांक फसवणाऱ्याकडेच वाजतो. हे दोन्ही तपास करायला मला वीस मिनिटेही लागली नाहीत.

दोन्ही सहकाऱ्यांचे आणि मामेभावाचे पैसे मी दरमहा पेन्शनमधून फेडत आहे. बहिणीने तिचा हिस्सा घेण्यास नकार दिला. मामेभावानेही आधी नको म्हटले, पण त्याच्या बागेतल्या घामाचे पैसे माझ्या हातून गेले आहेत, म्हणून त्याचे मी आग्रहाने देतो आहे. आईला आम्ही चार दिवस काहीच सांगितले नव्हते. सांगितल्यावर तिने एवढेच विचारले की त्या माणसाला माझ्या गुडघ्यांचे कसे ठाऊक होते. ते मीच त्याला सांगितले होते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या एका माजी विद्यार्थ्याने चोपड्याहून मला एक जाहिरात पाठवली आणि सर, ही सहल कशी वाटते, असे विचारले. कैलासगिरीच्या मूर्तींचे तेच छायाचित्र होते, संस्थेचे नाव दुसरे होते, तारखा नाताळच्या सुट्टीतल्या होत्या, दर माणशी १४,५०० रुपये होता, आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते: सिंहाचलम येथे विशेष निजरूप दर्शन समाविष्ट.