आर्सेनिक-प्रतिकाराचा ऑपेरॉन निवडताना: तीन जनुकांचा की पाच जनुकांचा?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला जिवाणूंचा आर्सेनिक-प्रतिकार घेतला, की आधी ठरवावं लागतं कोणत्या ऑपेरॉनवर, म्हणजे एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या संचावर, काम करायचं. ई. कोलायच्या स्वतःच्या गुणसूत्रावर तीन जनुकांचा संच असतो: आर्सआर, आर्सबी, आर्ससी. आर७७३ या प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या वेगळ्या डीएनएवर) पाच जनुकं आहेत. तिथे आर्सडी आणि आर्सए जास्तीचे. पाचांचा संच असलेली पेशी जास्त आर्सेनिक सोसते, म्हणून तोच घ्यावासा वाटतो. पण निवड सोसण्याच्या ताकदीवर करू नका. तुम्हाला पाण्यातलं आर्सेनिक ओळखायचं आहे, काढून टाकायचं आहे, की यंत्रणाच समजून घ्यायची आहे, ते आधी नक्की करा.

दोन्हीकडे लगाम एकाच प्रथिनाच्या हाती आहे: आर्सआर. आर्सेनिक नसतं तेव्हा त्याची जोडी प्रमोटरपाशी, म्हणजे जनुकांचं वाचन जिथून सुरू होतं तिथे, डीएनएला धरून बसते आणि पुढची जनुकं बंद राहतात. आर्सेनाइट (आर्सेनिकचं +३ रूप) पेशीत आलं की आर७७३ च्या आर्सआरमधली ३२, ३४ आणि ३७ क्रमांकांची सिस्टीन ही अमिनो आम्लं आपल्या गंधकाच्या अणूंनी त्याला पकडतात, डीएनएवरची पकड सुटते आणि जनुकं वाचली जाऊ लागतात. आर्सेनेटला (+५ रूपाला) मात्र आर्सआर ओळखत नाही. ते फॉस्फेटच्या वाटेने आत शिरतं, आर्ससी त्याचं क्षपण करून आर्सेनाइट बनवतं, आणि मगच कळ दाबली जाते.

फरक आहे तो आर्सेनाइट बाहेर फेकणाऱ्या पंपात. तीनांच्या संचात आर्सबी एकटं, पटलावरच्या प्रोटॉनच्या उतारावर चालतं. पाचांत त्याला आर्सए जोडलेलं असतं, म्हणजे एटीपीची ताकद मिळते. आर्सडीला आधी दुसरा, बऱ्याच कमी पकडीचा रिप्रेसर (जनुकं दाबणारं प्रथिन) मानलं जाई. ते आर्सेनाइट उचलून आर्सएच्या हवाली करतं, हे २००६ मध्ये पुढे आलं. यंत्रणाच अभ्यासायची असेल तर आर७७३ सारखं दुसरं काही नाही.

ओळखण्यासाठी, म्हणजे बायोसेन्सरसाठी, मी तीनांच्या बाजूने आहे, आणि त्यातलाही आर्सआर व प्रमोटर एवढाच तुकडा पुरतो. इथे खरी डोकेदुखी वेगळीच असते: आर्सेनिक नसतानाही नळी थोडी चमकते. आर्सआर स्वतःचंच जनुक दाबतं, त्यामुळे स्वतःपुरतं थोडं वाचन चालू राहणारच. रिपोर्टर जनुक, म्हणजे चमक देणारं जनुक, त्याच्याच मागे असेल तर त्या वाचनात तेही ओढलं जातं. स्वित्झर्लंडमधल्या यान व्हॅन डर मेर यांच्या गटाने २००३ मध्ये यावर सुरेख उपाय केला. आर्सआर आणि रिपोर्टर यांच्या मधोमध आर्सआर बसण्याची आणखी एक जागा त्यांनी घातली. वाहत आलेलं वाचन तिथे अडतं आणि पार्श्वभूमी खाली येते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा पाहायची तर हे फारच मोलाचं आहे. यजमान पेशीतलं आर्सबी काढलंत तर आर्सेनाइट बाहेर फेकलं जात नाही आणि संकेत वाढतो, पण त्याच्याबरोबर आर्ससी घालवू नका. आर्सेनेट मोजायचं राहून जाईल.

पाणी शुद्ध करायचं असेल तर दोन्ही संच जसेच्या तसे निरुपयोगी. पंप आर्सेनिक पेशीबाहेरच टाकतो, पाण्यात ते तेवढंच राहतं. वर आर्सेनेटचं आर्सेनाइट होतं, जे गाळणाऱ्या पदार्थांना धरायला सहसा अवघड. त्यापेक्षा आर्सआरच भरपूर बनवून त्यात आर्सेनाइट अडकवणं शहाणपणाचं. २००४ मध्ये ते ई. कोलायमध्ये करून दाखवलं गेलं.

स्टॅफिलोकॉकसच्या पीआय२५८ प्लास्मिडवरही तीनच जनुकं आहेत. पण त्याचं आर्ससी थायोरेडॉक्सिनवर चालतं आणि आर७७३ चं ग्लुटारेडॉक्सिनवर (दोन्ही इलेक्ट्रॉन पुरवणारी प्रथिनं), म्हणून यजमान बदलताना जपून.

आर्सआर अँटिमनीलाही उत्तर देतं, तेव्हा तिचं कंट्रोल ठेवाच. आणि एम९सारख्या फॉस्फेटने भरलेल्या माध्यमात आर्सेनेट मोजायला जाऊ नका. तिथे त्याला आत शिरायला वावच मिळत नाही. कमी फॉस्फेटचं माध्यम पहिल्या दिवशीच बनवून घ्या.